वाल्डेमार हाफकिन : प्लेग, लस आणि हिशेब



चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे मागील घटकात आपण पाहिली. लक्षणे पाठ करून चरित्र कळत नाही; त्यासाठी एखादे आयुष्य समोर घेऊन वाचावे लागते. या घटकासाठी निवडलेले आयुष्य मराठी माणसाचे नाही आणि साहित्यिकाचेही नाही. तरी त्यांचे नाव तुमच्या कानावरून गेलेले असणार. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरील औषध यांमुळे हे नाव खेड्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचले आहे. हाफकिन हे माणसाचे नाव की गावाचे, असे एका संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. प्रश्न भाबडा नव्हता. नाव संस्थेला इतके चिकटले की माणूस मागे पडला.

निवडीमागे दुसरे कारण आपल्या जिल्ह्याचे आहे. १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात घराघरांत उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ ताप व गाठी असलेले रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि तेथून लोकांचे लोंढे बाहेर पडले. मी तेव्हा विशीत होतो. बीडहून आलो असे सांगताच परगावच्या एका लॉजवर मला खोली नाकारण्यात आली. ती रात्र मी बसस्थानकाच्या बाकावर काढली. इकडे गावांत कीटकनाशकाची फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या गेल्या आणि काही आठवड्यांत सारे शांत झाले. घरी परतल्यावर आजीने एकच विचारले : हे थांबले ते कशाने? गोळ्यांनी, फवारणीने, की त्याची वेळ भरली म्हणून? तिच्या लहानपणी प्लेग आला की अवघे गाव रानात झोपड्या टाकून राहात असे. त्यामुळे या प्रश्नाचा अधिकार तिला होता. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. हाच प्रश्न पद्धतशीर रीतीने विचारण्यात हाफकिन यांचे आयुष्य गेले. तो विचारण्याची किंमतही त्यांनी मोजली.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह या प्राणिशास्त्रज्ञाचे ते शिष्य झाले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आपल्या लोकांच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले आणि गुरूच्या शब्दामुळे सुटले. डॉक्टरेट मिळाली तरी धर्म बदलल्याखेरीज प्राध्यापकपदाची वाट मोकळी होणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ मध्ये ते जिनीव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे काम मिळाले ते ग्रंथालयात! पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस घातक नाही एवढे यातून सिद्ध झाले. ती रोग टाळते का, हे पाहण्यासाठी रोग असलेल्या ठिकाणी जाणे भाग होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानचे नाव सुचवले. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे एक बाब ध्यानात घ्या. हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ते रशियन होते आणि रशियाकडे इंग्रज सरकार संशयाने पाहात असे. शिवाय ते ज्यू होते. सरकारी वैद्यकीय सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत असा माणूस सहज सामावणारा नव्हता. पुढे १९०२ मध्ये जे घडले ते वाचताना हे स्मरणात असू द्या.

कलकत्त्याच्या वस्त्यांत पहिल्यांदा त्यांच्यावर दगड आले. त्यांनी लोकांसमोर स्वतःला आणि आपल्या डॉक्टर सहकाऱ्यांना टोचून घेतले, तेव्हा काही माणसे पुढे झाली. कट्टलबागान नावाच्या एका वस्तीत १८९४ च्या मार्चअखेर पटकीने दोन मृत्यू झाले. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना त्यांनी लस दिली. त्यानंतर वस्तीत १० जण आजारी पडले आणि दहाही जण लस न घेतलेल्यांतील निघाले. संख्या लहान असली तरी विचाराची दिशा पाहा. किती जणांना लस दिली हा आकडा हाफकिन यांना पुरेसा वाटत नव्हता. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हा त्यांचा प्रश्न होता.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. गाठीचा ताप, असे लोक म्हणू लागले; पंडितांनी ग्रंथिक सन्निपात हा शब्द योजला; टिकला मात्र प्लेग. भाषेच्या अभ्यासकाने याची नोंद करावी, कारण क्वारंटाईन, सेग्रिगेशन, इन्स्पेक्शन हे शब्दही याच वर्षांत शिपायांच्या बुटांबरोबर मराठी घरांत शिरले.

नगरपालिकेने गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बॉलिक आम्लाने धुतली, भिंतींना चुना फासला, घरांची कौले काढून ऊन आत येऊ दिले आणि रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवले. रोग घाणीतून व कोंदट हवेतून पसरतो या समजुतीवर हे उपाय उभे होते. जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता; पण तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत शहर रिकामे होऊ लागले होते. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. रुग्णालयात माणसाचे तेल काढतात, अशी वदंता पसरली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली.

याच ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. प्लेगच्या जंतूंची वाढ करण्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस वापरला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. या तरंगत्या थेंबांपासून जंतूंच्या वसाहती झुंबराच्या लोलकांसारख्या खाली लोंबत. हलवले की त्या तळाशी बसत आणि नवे लोलक धरत. काही आठवड्यांनी हा रस तापवून जंतू मारायचे व त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल घालायचे, अशी ती लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा नेहमीपेक्षा मोठी होती. ताप आला, दंड दुखला; ते कामावर आले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे सुमारे सव्वातीनशे कैदी होते. जवळजवळ निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी सुमारे १२ जण आजारी पडले व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही. टोचण्याच्या दिवशीच ज्यांना गाठी दिसल्या होत्या असे काही जण मात्र वाचले नाहीत. त्यांना रोग आधीच जडला होता, म्हणून हाफकिन यांनी ते वेगळे धरले.

तुम्ही येथे थांबून हरकत घ्यावी. स्वेच्छेने पुढे येणारा कैदी मुळातच अधिक सुदृढ असेल तर? आधीच आजारी असलेल्यांना हिशेबातून वगळले, म्हणजे निकाल लसीच्या बाजूला झुकला नाही का? या हरकती रास्त आहेत आणि त्या काळीही घेतल्या गेल्या. तुरुंगाची जमेची बाजू अशी की अन्न, कोठडी, हवा सगळ्यांना एकच होती आणि कोणी पळून जाऊ शकत नव्हता. खुल्या शहरात हे दुसरे साधत नाही. त्याच वर्षी दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ जण मरण पावले, तर न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. वरवर पाहता यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. पण साथीत गाव फुटलेले असताना न घेतलेल्यांची संख्या कशी काढायची? मृत्यू मोजता येतात, तो अंश झाला. किती माणसांपैकी मृत्यू, हा छेद मात्र साथीत सतत हलत राहतो. छेद चुकला की अपूर्णांक खोटे बोलतो.

हाफकिन यांचे उत्तर बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी पाहायला मिळते. मला स्वतःला भायखळ्यापेक्षा उंढेरा मोठे वाटते, जरी पुस्तकांतून भायखळाच गाजतो. १८९८ च्या फेब्रुवारीत, साथ चालू असताना, त्यांनी गावातील माणसे कुटुंबवार उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी, त्याच उंदीर-पिसवांत झोपणारी माणसे दोन गटांत आली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मरण पावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ मरण पावले.

पेन्सिल घ्या. ६४ मध्ये २६, म्हणजे शेकडा चाळीसहून थोडे अधिक. लस निरुपयोगी असती तर ७१ जणांमध्ये सुमारे २९ मृत्यू व्हायला हवे होते. झाले ३. साथीवरील उपायाचे मूल्यमापन म्हणजे मुख्यतः हे २९ आणि ३ यांमधले अंतर. ते काढण्यासाठी उपाय न मिळालेली, परंतु बाकी सर्व बाबतींत सारखी माणसे समोर असावी लागतात. यात एक बोच आहे, ती लपवू नये. ती २६ माणसे त्याच घरांतली होती. निम्म्यांना वगळणे योग्य होते काय? लस खात्रीची आहे हे ठरलेच नव्हते म्हणून ते क्षम्य, असे मला वाटते. तुमचे मत निराळे असू शकते आणि परीक्षेत ते कारणांसह मांडल्यास गुण कमी होणार नाहीत.

आता याच काळातील पुणे पाहा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती प्लेग समितीची सूत्रे गेली. मार्च ते मे गोऱ्या सैनिकांनी घरे तपासली. देवघर, माजघर, चूल असा भेद राहिला नाही. स्त्रियांची तपासणी चव्हाट्यावर झाल्याच्या तक्रारी आल्या. सामान जाळले गेले. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच १० मार्च रोजी निवर्तल्या. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर यांनी रँडवर गोळी झाडली आणि पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

तो इतिहास आपण अपमान आणि प्रतिकार या अंगाने वाचतो व ते योग्यच आहे. परंतु हाफकिन यांचा प्रश्न पुण्याला लावून पाहा. त्या मोहिमेच्या नोंदींनुसार दोन लाख अठरा हजारांहून अधिक वेळा घरे तपासली गेली आणि त्यांत सापडले ३३८ रुग्ण व ६४ मृतदेह. साडेपाचशेच्या आसपास झडत्यांमागे एक. मे महिन्यात साथ उतरली, म्हणून मोहीम यशस्वी झाली असे अधिकाऱ्यांना वाटले. दख्खनच्या कडक उन्हाळ्यात प्लेग स्वतःहून उतरतो, हे पुढील वर्षांनी दाखवले. आणि पावसाळ्यानंतर पुण्यात तो अधिक जोराने परतला. किती घरे धुतली, किती झडत्या घेतल्या हे सारे आकडे करणाऱ्याच्या श्रमाचे होते. त्या श्रमाने किती जीव वाचले, हे सांगणारा एकही आकडा त्यांत नव्हता. उलट झडतीच्या भयाने लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली, गाव सोडले आणि रोग बरोबर नेला. उपायाच्या हिशेबात ही वजाबाकी कोण धरणार?

लोक हाफकिन यांच्या सुईलाही भीतच होते. सुई हातभर लांब असते, टोचले की पुरुषत्व जाते, सहा महिन्यांनी माणूस मरतो, असे बोलले जाई. फरक एवढाच की लस नाकारता येत होती. तरुण आगाखान यांनी स्वतः पुढे होऊन लस घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली वास्तूही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. याच सुमारास सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या आकड्यांतील दोष दाखवले, मात्रेच्या प्रमाणाबद्दल आक्षेप घेतले आणि तरीही लसीने आजार व मृत्यू दोन्ही घटतात असा निर्वाळा दिला. टीका आणि मान्यता एकाच अहवालात मिळणे, ही शास्त्राच्या क्षेत्रातली सभ्य वागणूक होय.

ती फार काळ लाभली नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभराने त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. बाटली परळहून आलेली होती. कमी वेळात अधिक लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी नवी पद्धत स्वीकारली होती. तीत कार्बॉलिक आम्ल न घालता उष्णतेवर भिस्त होती. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन निलंबित झाले.

पुढे कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर दिसले ते असे. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली भरल्यावर सुमारे ४१ दिवसांनी उघडली गेली. धनुर्वाताचे जंतू आत तितके दिवस वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती, पण तशी नोंद नव्हती. म्हणजे पुराव्याचे बोट परळकडे नव्हे, गावातल्या त्या क्षणाकडे जात होते. हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले आणि १९०७ च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

दोषमुक्तीपर्यंत पाच वर्षे गेली होती. या पाच वर्षांकडे मी एका वेगळ्या कारणाने लक्ष वेधतो. लसीने मेलेली १९ माणसे नावानिशी मोजता आली. लसीने वाचलेली माणसे कोण, हे कोणालाच बोट ठेवून सांगता येत नाही. उंढेऱ्यातील त्या ७१ पैकी नेमकी कोणती २६ माणसे वाचली, हे त्यांनाही माहीत नव्हते. चौकशीने पहिली गोष्ट पाहिली. एकोणीस मृत्यूंची चौकशी व्हायलाच हवी होती, यात शंका नाही. पण ज्या माणसाने तुलनेवाचून निष्कर्ष काढला नाही, त्याच्याविषयी मात्र पुरावा तोलण्याआधी निष्कर्ष निघाला.

१९०७ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात परतले. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. कलकत्त्यास नेमणूक झाली, आणि माणसांवर नव्या लसींचे प्रयोग करण्यास मुभा नव्हती. पन्नाशीच्या आसपासची ही वर्षे त्यांनी अभ्यासात व अल्पस्वल्प लेखनात घालवली आणि पंचावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्ती घेऊन युरोप गाठले. लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते धर्माकडे अधिक वळले. ज्यू परंपरेच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिलेही. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकपद सोडले, त्याच्याकडे परतण्याची गरज त्यांना नव्हती, कारण ते दूर कधी गेलेच नव्हते; आता वेळ मिळाला, इतकेच.

इकडे परळहून लस जात राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या. याच तीन दशकांत प्लेगने या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले, हेही जोडून वाचले पाहिजे. लस सर्वांपर्यंत कधीच पोहोचली नाही. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहावयास गेले व ऑक्टोबर १९३० मध्ये तेथेच वारले. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी ठेवली होती.

स्वाध्याय म्हणून या वेळी पाठ्यपुस्तकाबाहेरचे काम देत आहे. १९९४ मधील प्लेगची किंवा २०२० मधील टाळेबंदीची आठवण असलेली एक व्यक्ती आपल्या गावात शोधा. त्या वेळी कोणकोणते उपाय झाले, ते तिच्याकडून ऐकून एक पान लिहा. मग प्रत्येक उपायापुढे, त्याचा परिणाम कळण्यासाठी कोणाची तुलना कोणाशी करावी लागली असती, ते नोंदवा. जेथे तुलना सुचणार नाही तेथे जागा कोरी सोडा आणि वही पुढच्या संपर्कसत्राला बरोबर आणा.